चाक हलत नाही, म्हणून बेअरिंग चांगलं?

गुहागरहून एका निवृत्त गुरुजींनी विचारलंय. त्यांची वॅगन आर ७८ हजार किलोमीटर चाललेली. पन्नासच्या पुढे गेलं की पुढून कुठून तरी "घूंऽऽ" असा आवाज येतो आणि वेग वाढेल तसा तो चढत जातो. पहिल्या गॅरेजवाल्याने टायरवर ढकललं. दोन टायर नवे घातले, आवाज जिथल्या तिथे. दुसऱ्याने गाडी जॅकवर घेतली, चाक हलवून पाहिलं आणि "खेळ नाही, बेअरिंग ओके" म्हणून सोडून दिलं. तिसरा म्हणतो, चारही बेअरिंग बदलून टाका, कटकट नको. गुरुजी विचारतात, हे घरच्या घरी कळतं का, आणि कळत असेल तर कसं?

कळतं, गुरुजी. चिपळुणात गॅरेज टाकून मला सत्तावीस वर्षं झाली. माझ्या अनुभवात दहातली आठ बेअरिंगं मालकाला स्वतःला ओळखता आली असती. अडचण एवढीच की सगळे चाक हलवायला जातात. हल्लीच्या गाड्यांत चाक हलायला लागतं ते अगदी शेवटी. त्याच्या कितीतरी आधी बेअरिंग आवाज धरतं. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या गॅरेजवाल्याने पाहिलं ते खरं असेल, पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा.

असं का होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकात गोळ्यांच्या दोन ओळींचं सीलबंद बेअरिंग असतं, नकलमध्ये, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागात, प्रेसने घट्ट बसवलेलं. मधून हब, म्हणजे ज्यावर चाक बसतं तो भाग, आणि चाकाला फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट जातो आणि बाहेरचा मोठा नट सगळ्याला आवळून धरतो. गोळ्या ज्या वाटेवरून फिरतात त्या वाटेचा, म्हणजे रेसचा, एखादा टवका उडाला की प्रत्येक गोळी त्या खड्ड्यावरून जाताना टक् करते. साठच्या वेगाला तुमचं चाक मिनिटाला साडेपाचशे-सहाशे फेरे घेतं. इतक्या टक्-टक् एकत्र आल्या की कानाला घूं ऐकू येतं. पण बाकीची वाट शाबूत असते, नट आवळलेला असतो, मग चाक हलणार कसं? त्यात जॅकवर घेतल्यावर बेअरिंगवर भार शून्य. रस्त्यावर त्याच चाकावर दोन-अडीचशे किलो वजन असतं. म्हणजे ज्या ओझ्याखाली ते कण्हतं, ते ओझं उतरवून आपण त्याला विचारतो, काय रे, दुखतंय का?

म्हणून पहिली परीक्षा रस्त्यावर, वजन देऊन.

सकाळी लवकर निघा, रस्ता रिकामा असताना. पंखा, एसी, गाणी सगळं बंद. काचा अर्ध्या खाली. बरोबर कान शाबूत असलेलं कुणीतरी घ्या. गाडी तुम्ही चालवा, ऐकायचं काम त्याला द्या. साठला गाडी स्थिर करा. सरळ, सपाट पट्टा बघून ॲक्सिलरेटर सोडा आणि क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही. बंद केलंत तर ब्रेक जड होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी मागे फिरून स्टिअरिंग लॉक झालं तर विषयच संपला. घाटात तर हा प्रयोग करूच नका. न्यूट्रलमध्ये इंजिनचे आरपीएम खाली आले तरी घूं तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबरच उतरत गेला, तर दुखणं चाकाच्या बाजूला आहे. ॲक्सिलरेटर सोडताक्षणी आवाज गेला आणि दाबल्यावर परत आला, तर गिअरबॉक्सकडे बघावं लागेल. तो वेगळा आजार.

आता टायर की बेअरिंग? इथे भलेभले फसतात, कारण दोन्ही घूं करतात. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. मुंबई-गोवा हायवेच्या नव्या काँक्रीटवर कुठलाही टायर गातो, आणि तिथून उतरून जुन्या डांबरावर आलं की गप्प होतो. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं. डांबर असो की काँक्रीट, त्याचा सूर तोच. शिवाय गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट बाजूने करवतीसारखं लागलं तर टायर विचित्र झिजलेत. तुम्ही दोन टायर नवे घातले म्हणता, पण ते पुढे घातले की मागे? पुढे घातले असतील तर मागचे जुने अजून आवाज करत असतील. पुढचे मागे, मागचे पुढे करून बघा. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर टायर. पाना, जॅक आणि अर्धा तास एवढाच खर्च आहे.

मग खरी परीक्षा. पन्नास-साठच्या वेगाला, रिकाम्या रुंद रस्त्यावर, स्टिअरिंग हळूच डावीकडे, मग हळूच उजवीकडे. झटका नाही द्यायचा, समुद्रात होडी डुलते तसं डुलवायचं. आपल्याकडे तर त्याचीही गरज नाही. गुहागरहून चिपळूणला येताना वळणांना काय तोटा! लांब, सावकाश वळण बघा आणि आवाज ऐका. डावीकडे वळताना गाडीत तुम्ही उजवीकडे कलता ना? गाडीही तशीच कलते, आणि वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा डाव्या वळणावर घूं वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर. उजव्या वळणावर वाढला तर डाव्यावर. आणि एका वळणावर वाढून उलट्या वळणावर जवळजवळ बंद होत असेल, तर बेअरिंगच धरून चाला. टायर असा पक्षपात सहसा करत नाही.

एक प्रामाणिक कबुली देतो. या परीक्षेतही मी चुकलोय. दोन ओळींच्या बेअरिंगमध्ये बिघाड आतल्या ओळीला असला तर कधीकधी वजन कमी झाल्यावर आवाज वाढतो, म्हणजे सगळं उलटं. एकदा उजवं काढून बाहेर ठेवलं, बोटाने फिरवलं, तर लोण्यासारखं फिरलं. गिऱ्हाईक समोरच उभं. मग डावं माझ्या खर्चाने बदलून दिलं. तेव्हापासून रस्त्यावरच्या परीक्षेनंतर हात लावून खात्री केल्याशिवाय मी पाना उचलत नाही.

पुढचं की मागचं, हे कानाने सांगणं त्याहून अवघड. पत्र्यातून आवाज फिरतो. मागचं बेअरिंग बोंबलत असतं आणि चालवणाऱ्याला पायाशी ऐकू येतं. म्हणून दुसऱ्या फेरीला बरोबरच्या माणसाला मागच्या सीटवर बसवा, आधी डाव्या कोपऱ्यात, मग उजव्या. पायाखाली बारीक थरथर कुठे जास्त जाणवते तेही विचारा. कानापेक्षा पाय कमी फसवतात.

परत आल्यावर गाडी थंड व्हायच्या आत चारही चाकांच्या मध्यभागी, कॅप काढून, हाताची पाठ जवळ न्या. लगेच टेकवू नका. शक्यतो शेवटचे एक-दोन किलोमीटर ब्रेक कमीत कमी वापरून या. पुढच्या दोघांची तुलना आपसात, मागच्या दोघांची आपसात. एकच चाक ठळकपणे तापलं असेल तर काहीतरी आहे. पण ते काहीतरी म्हणजे चिकटलेला ब्रेकही असू शकतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकचे पॅड धरणाऱ्या भागाच्या, पिना अडकणं हे रोजचंच. त्यामुळे उष्णतेवर एकटीवर निकाल देऊ नये.

आता जॅक. इथे मी जरा दरडावून बोलणार आहे. पावसाळ्यात आपली लाल माती जॅकखाली लोण्यासारखी दबते, म्हणून जॅकखाली जाड फळी हवीच. फळी नाही म्हणून जांभ्याचा चिरा लावू नका. चिरा भिंतीत शंभर वर्षं टिकेल, पण जॅकच्या टोकाखाली कधी भुगा होईल सांगता येत नाही. पुढचं चाक उचलणार असाल तर हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, गिअर न्यूट्रल. मागचं उचलणार असाल तर हँडब्रेक सोडावा लागेल, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि पुढच्या चाकांना दगड. उचलल्यावर स्टेपनी आडवी करून चॅसीखाली सरकवा. जॅक सटकलाच तर गाडी स्टेपनीवर बसेल, तुमच्या हातावर नाही.

चाक जागेवरच असू दे. एक हात वर, एक खाली, म्हणजे घड्याळातले बारा आणि सहा. वरचा ढकला, खालचा ओढा, मग उलट. टक् जाणवलं तर बायकोला किंवा मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, कारण ब्रेकने डिस्क आणि नकल एक झाली. ब्रेक दाबूनही खेळ तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचं काहीतरी. मग हात तीन आणि नऊवर. फक्त आडवाच खेळ असेल, उभा नसेल, तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा चाकाकडचा सांधा. खेळ दोन्हीकडून असेल तर बेअरिंग बरंच पुढे गेलंय, आणि अशी गाडी घेऊन कुंभार्ली घाट चढायचा नाही. गाडी टो करून आणा.

आणि अजिबात हललं नाही तर? तर काहीच सिद्ध झालेलं नाही. पुढे चला.

चाकामागे हात घालून सस्पेन्शनची स्प्रिंग चिमटीत हलकेच धरा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. बोटं चिमटणार नाहीत एवढं बघा. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंगला काही कळतही नाही. खराब असेल तर स्प्रिंगमधून बोटांत बारीक खरखर येते, वाळू मिसळलेल्या पिठावरून लाटणं फिरवावं तशी. कानाला काही ऐकू येणार नाही, पण बोटांना येतं. लगेच दुसऱ्या बाजूच्या चाकाला तेच करा. दोन्हींतला फरक हीच तुमची मोजपट्टी. पुढच्या चाकाला पॅड थोडे घासतात, त्यामुळे फेऱ्यात एकदा "सर्र" होतं. ते डिस्कचं, त्याकडे दुर्लक्ष करा. मागचं चाक मोकळं फिरतं, तिथे निदान सोपं.

काही गॅरेजांत एक चाक उचलून गाडी गिअरमध्ये टाकतात आणि इंजिनने चाक पळवून ऐकतात. घरी हे करू नका. एक चाक जमिनीवर अडलेलं असलं की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांत फेरे वाटून देणाऱ्या गिअरमुळे, हवेतलं चाक दुप्पट वेगाने फिरतं. मीटरवर ४० दिसतं तेव्हा ते ८०ने पळत असतं, आणि गाडी उभी असते एका जॅकवर.

हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट बघून घ्या, नाहीतर हसं होतं. गेल्या गणपतीत एक चाकरमानी गाडी घेऊन आले, घामाघूम. काल रात्रीपासून चाकातून किंचाळल्यासारखा आवाज, बेअरिंग गेलं, उद्या विसर्जन, परवा मुंबई गाठायची. मी विचारलं, काल कुठे गेला होतात? म्हणाले, वाडीपर्यंत, शेवटचा रस्ता कच्चा आहे. चाक काढलं. डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मध्ये वाटाण्याएवढी खडी अडकली होती. स्क्रू ड्रायव्हरने पत्रा जरा वाकवला, खडी टपकन खाली पडली. तो आवाज पत्र्यावर नखं ओढल्यासारखा कर्कश असतो, अचानक सुरू होतो, रिव्हर्स घेतल्यावर कधी कधी जातोसुद्धा. बेअरिंगचा आवाज असा एका रात्रीत उपटत नाही; तो महिनाभर हळूहळू चढतो आणि तुम्ही रेडिओ मोठा करत जाता. तसंच, पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर हळू चालताना "कट् कट् कट्" आलं तर तो ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. ब्रेकवर पाय ठेवताच किंचाळणं बंद झालं तर पॅड संपत आलेत.

२०१९ नंतरच्या गाड्यांना सरसकट एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आहे. यातल्या बऱ्याच गाड्यांत चाकाचा वेग मोजायची चुंबकी पट्टी बेअरिंगच्या सीलमध्येच असते. बेअरिंग ढिलं झालं की सेन्सरला सिग्नल नीट मिळत नाही आणि डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो. घूं आणि दिवा एकत्र आले की मला फार शोधावं लागत नाही. आणखी एक खूण ब्रेकच्या पेडलमध्ये मिळते. वळणं घेऊन आल्यावर पहिल्यांदा पेडल खोल जातं, दुसऱ्यांदा दाबलं की ठीक. हब डुलल्यामुळे डिस्क पॅडना मागे ढकलते, ती जागा पहिल्या दाबात भरून निघते. इथवर आलं असेल तर गाडी घरातून काढू नका.

आता तुमचंच बेअरिंग का गेलं असेल? ७८ हजार म्हणजे काही म्हातारपण नव्हे. तुम्ही लिहिलंय की नातवंडं आली की गाडी समुद्रावर, ओल्या वाळूत नेता. तिथेच घोडं पेंड खातं. चाक चालून गरम झालेलं असतं. ते गार पाण्यात गेलं की बेअरिंगमधली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. ते खारं असलं की महिन्याभरात गंज. घाट उतरून तापलेली चाकं घेऊन भरलेल्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, गाडी घालणं, किंवा सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी थेट हबवर मारणं, हेही त्याच जातीचं. गेल्या वर्षी अशीच समुद्रावर फिरणारी एक गाडी आली होती. बेअरिंग दाबून बाहेर काढलं, सील उचकटलं. आत ग्रीस मधासारखं असायला हवं, तर चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी, बोटात चोळलं तर कचकच. कापडाने रेस पुसली तर वाटेवर देवीच्या वणांसारखे खड्डे. मालक म्हणाले, पण चाक तर हलत नव्हतं! खरंच हलत नव्हतं.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा ज्या गाड्या बुडाल्या त्यांची इंजिनं लोकांनी लगेच उघडली, सीट वाळवल्या. चाकांकडे कुणी बघितलं नाही. त्या गाड्यांची बेअरिंगं मला पुढच्या दोन दिवाळ्या पुरली. सीलबंद म्हणजे जलबंद नव्हे. गाडी पुरातली असेल तर मात्र तिसऱ्या गॅरेजवाल्याचं बरोबर: चारही बदला. तुमची तशी नसेल तर जे बोलतंय तेच बदला. माझ्याकडे डावीकडची जास्त येतात, कारण साइडपट्टीचे खड्डे आणि डबकी डावं चाकच खातं.

बोलेरो किंवा जुनी जीप असणाऱ्यांसाठी दोन ओळी. तुमच्या पुढच्या चाकात दोन टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरची, बेअरिंग असतील तर वरचं हलवण्याचं गणित उलटं. तिथे खेळ आधी येतो, आणि तो नट सेट करून, नवं ग्रीस भरून जातोही. खेळ दिसला म्हणून घाबरून बदलू नका. आधी उघडून रोलर आणि कप, म्हणजे बाहेरची रिंग, बघा. निळसर डाग किंवा खड्डे असतील तरच टाका.

निदान घरी करा, पण गुरुजी, बदलायला घरी बसू नका. हे प्रेसचं काम आहे. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर द्यायचा, हब घालताना आतल्या रिंगला मागून आधार द्यायचा. हे चुकलं किंवा हातोड्याने ठोकलं, की गोळ्यांचे वळ रेसवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घूं करतं. मग लोक म्हणतात, माल डुप्लिकेट होता. कधी असतोही, म्हणून बेअरिंग बिलासकट घ्या. पण ठोकून बसवलेलं अस्सलही टिकत नाही. तुम्ही समोर उभे राहणार असाल तर तीन गोष्टी बघा: प्रेस आहे का, शाफ्टचा नट नवा घालून टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्यावर आवळला का, आणि तो पूर्ण आवळायच्या आधी गाडीचं वजन चाकावर टाकून ढकलाढकली केली नाही ना. शेवटची गोष्ट फारजण बघत नाहीत, आणि त्यात नवं बेअरिंग जागच्या जागी जखमी होतं. एबीएसची गाडी असेल तर चुंबकी पट्टीची बाजू सेन्सरकडेच बसली पाहिजे. उलटं बसलं तर सगळं पुन्हा उतरवायचं.

तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज पुढच्या डाव्या चाकाचा आहे. पण मी ऐकलेलं नाही, तुम्ही ऐकलंय. आधी टायर पुढचे-मागे करा, मग वळणांवर ऐका, मग स्प्रिंगला बोट लावा. नुसता घूं असेल, खेळ नसेल, तर सावकाश चिपळूणपर्यंत यायला हरकत नाही. फक्त सोमवार ते शनिवारात या. रविवारी आमचा प्रेसवाला बंद असतो.